दूरध्वनीचीं तीन कुलुपें

अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रॉजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीचें सामान पुरविण्याचा धंदा करीत असे. एक्स्चेंजवरील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते, असा त्याला संशय आला. आणि त्या संशयांतूनच मनुष्याच्या हाताशिवाय चालणारें एक्स्चेंज निर्माण झालें, अशी कथा सांगतात. कथेंतील तिखटमीठ वगळलें, तरी १८९१ सालीं त्याला पेटंट मिळालें, हें खरें. दोन माणसांच्या बोलण्यामध्यें जो उभा असतो, त्याच्या हातीं मोठी सत्ता असते, हें या कथेचें मर्म होय. इंटरनेटवरील दूरध्वनीचें मुक्त सॉफ्टवेअर हा या सत्तेच्या इतिहासांतील अलीकडचा अध्याय आहे, आणि तोच आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या सत्तेला तीन कुलुपें होतीं. पहिलें उपकरणाचें. कंपनीच्या तारेला कंपनीचेंच यंत्र जोडावें, असा अमेरिकेंत दंडक होता. टेक्ससच्या टॉमस कार्टर यानें ‘कार्टरफोन’ नांवाचें आपलें साधन पुढें आणलें, तेव्हां तंटा फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनपुढें गेला, व १९६८ सालीं निकाल कार्टरच्या बाजूनें लागला. परक्या कारखान्याचीं यंत्रें तारेला जोडण्याची वाट तेथून मोकळी झाली.

दुसरें कुलूप भाषेचें. १९७४ सालीं डॅनी कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं अर्पानेट या जाळ्यावरून मनुष्याचा आवाज पाठवून दाखविला. आज सर्वत्र रूढ असलेली रीत थोडक्यांत अशी: आवाजाचे सेकंदाला निदान ८,००० नमुने घ्यावयाचे, प्रत्येकाला एक अंक द्यावयाचा, त्या अंकांच्या लहान लहान पुड्या बांधून जाळ्यांत सोडावयाच्या, आणि पलीकडे त्या क्रमानें सोडवावयाच्या. एखादी पुडी हरवली तर तिची वाट पाहत बसावयाचें नाहीं. कारण संभाषणांत उशिरां आलेला शब्द न आलेल्या शब्दाहून अधिक घोटाळा करतो. १९९५ सालीं व्होकलटेक या इस्रायली कंपनीनें असा फोन बाजारांत आणला. परंतु दोन्ही टोकांस तेंच सॉफ्टवेअर असल्याशिवाय बोलणें होत नसे. पुढें मार्च १९९९ मध्यें हेनिंग शुल्झरिन प्रभृति विद्वानांनीं ‘सिप’ नांवाचा संकेत प्रसिद्ध केला. हाक कशी मारावी, ओ कशी द्यावी, निरोप कसा घ्यावा, एवढेंच त्यांत मुख्यतः सांगितलें आहे. पण तें सर्वांस खुलें होतें.

तिसरें कुलूप सर्वांत भक्कम. तें एक्स्चेंजच्या पोटांतील प्रोग्रामचें. १९९९ सालींच ऑबर्न विद्यापीठाचा विद्यार्थी मार्क स्पेन्सर यानें लिनक्स वापरणारांस साह्य देण्याचा लहानसा व्यवसाय काढला. जवळ भांडवल सुमारें ४,००० डॉलर. त्यांत ऑफिसचें एक्स्चेंज कोठून येणार? तेव्हां त्यानें तें स्वतःच लिहून काढलें व ‘ॲस्टेरिस्क’ असें नांव दिलें. ॲस्टेरिस्क म्हणजे तारकेची खूण. संगणकाच्या लिपींत तिचा अर्थ ‘कांहींही, सर्व कांहीं’ असा होतो. हा प्रोग्राम त्यानें अशा परवान्याखालीं खुला केला कीं, कोणींही त्याची मूळ संहिता वाचावी, बदलावी, वांटावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देतांना हाच हक्क त्यालाही द्यावा.

तथापि नुसता प्रोग्राम तारेशीं बोलूं शकत नाहीं. ती उणीव जिम डिक्सन यांनीं भरून काढली. खास बनावटीच्या महागड्या चिपांचें काम साधा संगणकही करूं शकेल, हें ओळखून त्यांनीं तारा जोडण्याचें एक कार्ड तयार केलें, त्याचा आराखडा खुला ठेविला, आणि मेक्सिकोचा क्रांतिकारक झपाटा याचें नांव त्या उद्योगास दिलें. दोघांचें काम एकत्र आलें, आणि साध्या संगणकाचें एक्स्चेंज झालें. आवाज आंखडून पाठविण्याच्या कित्येक रीतींवर पेटंटें होतीं; तेथें झां-मार्क व्हालँ यांचें ‘स्पीक्स’ व पुढें २०१२ सालीं प्रमाण ठरलेलें ‘ऑपस’ कामीं आलें.

ही केवळ परोपकाराची कथा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. स्पेन्सरची डिजियम कंपनी कार्डें विकून पैसे मिळवीत असे. आणि मूळ प्रोग्रामांत भर घालणाराला आपल्या लेखनावरील कांहीं हक्क कंपनीस द्यावे लागत. मतभेदही झाले. ॲस्टेरिस्कसाठीं लिहिणारे अँथनी मिनेसेल यांनीं वेगळी चूल मांडून ‘फ्रीस्विच’ उभें केलें. वडिलोपार्जित वाड्याची वाटणी झाली कीं प्रत्येकाच्या खोल्या कमी होतात. येथें वाटणी होऊनही कोणाचा वाटा उणा झाला नाहीं. २०१८ सालीं कॅनडाच्या सँगोमा कंपनीनें डिजियम विकत घेतली, तरी संहिता पूर्ववत् खुलीच राहिली.

याच्या उलट ‘स्काइप’ पाहा. २००३ सालीं तें निघालें. परदेशीं गेलेल्या मुलांचे चेहरे त्यानें आमच्याकडील कितीतरी आईबापांस दाखविले, हे उपकार खरेच. पण त्याची संहिता बंद होती. मे २०२५ मध्यें मालकानें तें मिटलें, तेव्हां तें पुढें चालविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास उरला नाहीं.

असें असूनही घरोघरीं जय झाला तो बंद वाड्यांचाच. व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेश ऑपसमध्येंच बांधलेला असतो. म्हणजे दगड सर्वांचा आणि दरवाजा एकाचा. तीन कुलुपें कायद्यानें, संकेतानें व संहितेनें उघडलीं. मात्र सारे आप्त ज्या दाराशीं जमले आहेत तेंच दार धरावयाचें, ही आमची संवय चौथें कुलूप होऊन बसली आहे. आणि तें उघडण्याचें काम एकट्या प्रोग्राम लिहिणारांवर सोंपवून भागणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.