सूतगुंडाळणी (मुंबईच्या कापडगिरण्यांतील)

साच्यावर कातलेले सूत बॉबिनवरून उतरवून कोनावर किंवा लडीच्या रूपात पुन्हा गुंडाळण्याच्या क्रियेस सूतगुंडाळणी म्हणतात. परळ, लालबाग, दादर भागांतील गिरण्यांत हे काम वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत चाले. वाइंडिंगमध्ये अनेक बॉबिनांवरचे सूत गाठी मारून एका मोठ्या कोनावर सलग चढवीत. चढताना ते अरुंद फटीतून जात असल्याने जाड गुठळ्या अडत, कमजोर जागा तुटत आणि त्यामुळे गुंडाळणी ही एक प्रकारे सुताची तपासणीच ठरे. ताण कमी पडल्यास कोन पोकळ होऊन ढासळतो, जास्त झाल्यास सुताची लवचीकता जाते. रीलिंगमध्ये दीड वार परिघाच्या फाळक्यावर 80 फेऱ्यांची, म्हणजे 120 वारांची, एक ली आणि अशा सात लींची 840 वारांची लड होई, पौंडात 20 लडी भरल्या की ते वीस नंबरी सूत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई.

या दोन्ही खात्यांत मुख्यतः स्त्रिया कामाच्या मापावर ठरणाऱ्या मजुरीने राबत. 1891 च्या कारखाना कायद्याने त्यांचा कामाचा दिवस 11 तासांवर आणला. पुढे वेगवान यंत्रे आली आणि रात्रपाळीला स्त्रियांना मनाई असल्याने त्यांच्या जागा घटत गेल्या. गिरणगावाच्या इतिहासलेखनाने मागखात्याइतकी दखल मात्र या खात्यांची घेतलेली नाही.