छपरातला उंदीर आणि सहा झोपड्या

घरात उंदीर झाले की आपण सापळा लावतो किंवा विष ठेवतो. घर कसे बांधले आहे याचा विचार त्या वेळी आपल्या मनात सहसा येत नाही. ते काम गवंड्याचे, असे आपण धरून चालतो. पण उंदीर आणि घराची बांधणी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे मुंबईतच सुमारे एकशे वीस वर्षांपूर्वी प्रयोगाने सिद्ध झाले होते. शाळेत प्लेगच्या इतिहासाचा विषय निघाला की हाफकिन यांची लस येते, पुण्यातला रँडचा वध येतो आणि उंदराचे काम एका वाक्यात आटोपते. ते वाक्य थोडे उलगडून पाहू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. खाली पोत्यांच्या थप्प्या आणि वर माणसांची बिऱ्हाडे. प्लेगचा जंतू तेव्हा अज्ञात नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत येर्सिन यांनी तो शोधला होता. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा, जमिनीतून निघणारे दूषित वायू या जुन्या कल्पनांना आता फक्त जंतूचे नाव जोडले गेले. उपायही त्याच कल्पनांना धरून झाले. गटारांमध्ये समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, घरात ऊन यावे म्हणून कौले उतरवली गेली, काही ठिकाणी जमिनी उकरल्या गेल्या. गटारे अशी धुतल्यावर त्यातले उंदीर कोठे गेले असतील, हे आज एखादा विद्यार्थीही सांगेल. साथ काही थांबली नाही. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मे शहर गाव सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर साथही गावोगाव पोचली. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मारली.

उंदरांचा आणि या रोगाचा संबंध सामान्य लोकांच्या लक्षात आधीच आला होता. गढवाल आणि कुमाऊँमध्ये एकोणिसाव्या शतकात या रोगाला 'महामारी' म्हणत. घरात उंदीर मरून पडू लागले की तेथील गावकरी घरे सोडून रानात जाऊन राहत. पुढे महाराष्ट्रातही उंदीर पडले की शिवारात झोपड्या घालून राहण्याची रीत पडली. ही रीत अंधश्रद्धेची नव्हती, निरीक्षणाची होती. पण मेलेल्या उंदरातला रोग माणसात येतो कसा? उंदीर माणसाला चावत नव्हता, आणि मेलेला उंदीर उचलणारा प्रत्येक माणूसही आजारी पडत नव्हता.

या शेवटच्या गोष्टीपाशीच पॉल-लुई सिमों हे फ्रेंच डॉक्टर थबकले. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणाऱ्यांना रोग होतो, पण बऱ्याच वेळापूर्वी मेलेल्या, थंड पडलेल्या उंदराला हात लावणाऱ्यांना होत नाही, असे त्यांना दिसले. थंड देहातून निघून जाणारे असे काय असावे? सिमोंचा संशय पिसूवर गेला. २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने निरोगी उंदराचा पिंजरा आत सोडला. पहिला उंदीर मेल्यावर काही दिवसांतच दुसराही प्लेगने मेला. प्रयोग सुंदर होता, पण त्याच सुमारास नेमलेल्या सरकारी प्लेग कमिशनने तो मानला नाही. एक-दोन उंदरांवरून असा मोठा निष्कर्ष मान्य करायला कमिशन तयार नव्हते. त्यांची शंका अगदीच अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. चूक ही की शंका आहे म्हणून प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहण्याऐवजी त्यांनी तो बाजूला सारला. यात सात वर्षे गेली.

मधल्या काळात मुंबईत ग्लेन लिस्टन हे डॉक्टर पिसवा गोळा करत होते. उंदरांवर राहणारी पिसू आणि माणसावर राहणारी पिसू या वेगळ्या जाती आहेत. ज्या चाळीत उंदीर मेले होते तेथील माणसांच्या अंगावरच्या पिसवा तपासल्यावर त्यांतल्या पुष्कळ उंदरांच्या जातीच्या निघाल्या. यजमान मेल्यावर उपाशी पिसू मिळेल त्या उबदार अंगावर उडी घेत होती.

१९०५ साली नवी संशोधन समिती मुंबईत कामाला लागली. तिच्यामागे इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट होती. लिस्टन त्या समितीत होते. या समितीने मुंबईत सहा झोपड्या बांधल्या. आमच्या मते आपल्या देशात झालेल्या प्रयोगांपैकी हा फार उत्तम आखलेला प्रयोग आहे. सहाही झोपड्या सारख्या, फरक फक्त छपरात. दोन झोपड्यांवर आपली नेहमीची नळीची कौले, दोनांवर सपाट मंगळुरी कौले आणि उरलेल्या दोनांवर पन्हाळी पत्रा. आत उंदीर शिरू नये म्हणून छपराखाली तारेची जाळी ठोकली होती. म्हणजे उंदरांना छपरात वावरता येई, खोलीत उतरता येत नसे. उंदराच्या लेंड्या आणि पिसवा मात्र जाळीतून खाली पडू शकत.

ज्यांनी नळीची कौले शाकारलेली पाहिली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. प्रत्येक ओळ म्हणजे आढ्यापासून वळचणीपर्यंत गेलेले एक बोगदेवजा बीळ. ऊब आहे, आडोसा आहे आणि मांजराचा पंजा पोचत नाही. या छपरांत उंदरांनी लगेच बिऱ्हाडे केली. मंगळुरी कौलांखाली त्यांची सोय तितकी नव्हती. पत्र्यावर ते फिरकून जात, पण घर करीत नसत.

आता खाली खोलीत गिनीपिग सोडले गेले, काही निरोगी आणि काहींना प्लेगचे जंतू टोचलेले. झोपड्या मुद्दाम झाडल्या नाहीत. आजारी आणि निरोगी प्राणी एकाच जमिनीवर, एकमेकांच्या मलमूत्रात, तेच अन्न खात राहिले. घाणीतून किंवा स्पर्शातून प्लेग पसरत असता तर सहाही झोपड्यांत तो सारखा पसरायला हवा होता. तसे झाले नाही. जेथे छपरातून पिसवा उतरल्या तेथे प्लेग पसरला, आणि पिसवा जितक्या जास्त तितका झपाट्याने पसरला. जेथे पिसवा नव्हत्या तेथे आजारी मादीचे दूध पिणारी पिल्लेसुद्धा निरोगी राहिली. मग त्याच झोपड्यांत पिसवा सोडल्या, तेव्हा तेथेही साथ सुरू झाली.

पुढची पायरी तर वर्गात फळ्यावर काढण्याजोगी आहे. ही पिसू साधारण चार इंच उंच उडी मारते. समितीने प्लेगच्या झोपडीत गिनीपिगांचे पिंजरे निरनिराळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्यांना रोग झाला. दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. हवा दोघांना एकच होती! शेणाने सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतू ओतून पाहिले तर दोन दिवसांनंतर ती जमीन कोणालाही बाधत नव्हती. म्हणजे ज्या जमिनी उकरल्या, ज्या भिंतींना चुना फासला, त्यांच्यात रोग नव्हताच. तो छपरात होता.

शहरात पकडलेल्या आणि मेलेल्या उंदरांची तपासणीही या समितीने सातत्याने केली. त्यातून एक क्रम दिसला. आधी गटारात राहणारे तपकिरी उंदीर मरत. सुमारे दहा दिवसांनी घरात राहणारे काळे उंदीर मरू लागत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत साथ उसळे. पिसूला उपासमार असह्य व्हायला सुमारे तीन दिवस, चावल्यानंतर रोग दिसायला आणखी तीन, आणि मृत्यूपर्यंत पाच-सहा दिवस, अशी या चौदवड्याची फोड त्यांनी केली. पिसू जंतू आत सोडते कसे, हे १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवले. जंतू वाढून पिसूच्या अन्ननलिकेत बोळा बसतो, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि शोषलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते.

उंदीर मारण्यावर भर दिला गेला तो यानंतर. पण उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले घालते आणि ती पिल्ले तीनेक महिन्यांत स्वतः वीण करू लागतात. धान्य आणि आडोसा तसेच ठेवून अर्धे उंदीर मारले, तर उरलेल्या अर्ध्यांना दुप्पट वाटा मिळतो एवढेच. झोपड्यांच्या प्रयोगाचा खरा अर्थ इतरांनी अधिक गंभीरपणे घेतला. जावा बेटावर १९११ मध्ये प्लेग आला तेव्हा तेथील उंदीर घरांच्या पोकळ बांबूंमध्ये आणि शाकारणीत राहतात असे आढळले. डच सरकारने लाखो घरांचे बांबू काढून भरीव लाकूड आणि कौले बसवण्याचा कार्यक्रम पुढे अनेक वर्षे चालवला. सान फ्रान्सिस्कोमध्ये १९०७ नंतरच्या साथीत तळघरांच्या आणि तबेल्यांच्या जमिनी काँक्रीटच्या केल्या गेल्या. मुंबईत मात्र १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, आणि हुसकलेली गरीब माणसे शेजारच्या दाटीत आणखी दाटी करून राहिली. प्रयोग मुंबईचा आणि घरदुरुस्ती जावाची, याचे आम्हाला वाईट वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि प्रतिजैविके आली आणि प्लेग ओसरला. १९६६ नंतर भारतात माणसांतल्या प्लेगची नोंद झाली नव्हती. ती झाली १९९४ मध्ये, आणि तीही आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावी. ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी तक्रार केली ती उंदीर पडल्याची आणि पिसवांच्या त्रासाची, म्हणजे समितीने लिहून ठेवलेल्या क्रमानेच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक जुन्या घरांबाहेर राहू लागले, धान्य मात्र जुन्या घरांतच राहिले आणि तेथे उंदीर माजले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. अशा ठिकाणी नुसते उंदरांचे विष टाकणे धोक्याचे असते. उंदीर एकदम मेले तर त्यांच्या पिसवा माणसांवर येतात. म्हणून प्लेगचा संशय असेल तेथे आधी पिसवांसाठी कीटकनाशक आणि मगच उंदरांसाठी विष, असा क्रम पाळतात.

प्लेग नसला तरी उंदीर आहेतच, आणि लेप्टोस्पायरोसिसही आहे. स्लॅबच्या घरात नळीची कौले नाहीत, पण प्लॅस्टरच्या खोट्या छताने काळ्या उंदराला पुन्हा तसाच आडोसा मिळवून दिला आहे. वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेले भोक बुजवायचे राहून जाते. तेच त्याचे दार. तपकिरी उंदीर खालून, सांडपाण्याच्या फुटक्या जाळीतून येतो. चिचुंद्रीएवढ्या नव्हे, घरातल्या लहान चिट उंदराला सहा मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी, फट पुरते. मोठ्या उंदराच्या पिल्लाला सव्वा सेंटिमीटर लागते. कापडाचा किंवा लाकडाचा बोळा तो कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. तारेची जाळी दाबून वर सिमेंट भरले तर टिकते. वॉरफरिनसारखी विषे १९५० च्या सुमारास आली आणि १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये तिला दाद न देणारे उंदीर सापडले. सिमेंटला दाद न देणारा उंदीर अजून निपजलेला नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमासारख्या विषावर तर माणसासाठी नेमका उताराही नाही. ते शाळेच्या आवारात आणूच नये.

शाळेतली पोषण आहाराच्या तांदळाची कोठी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा या नजरेने पाहण्यासारखी आहे. पोती भिंतीला टेकवू नयेत. फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचावीत, म्हणजे मागे झाडता येते आणि ताज्या लेंड्या पडल्या तर दुसऱ्या दिवशी दिसतात.