नांदेड-लातूरकडील वक्तृत्वाची वाटचाल

जाहीर भाषणाला वक्ता, विषय आणि श्रोते लागतात; शिवाय लोकांना एकत्र जमण्याची मुभा लागते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात ही मुभाच नसल्याने नांदेड आणि लातूर भागातील वक्तृत्व आधी धर्माच्या, मग भाषा-शिक्षणाच्या आणि शेवटी राजकारणाच्या व्यासपीठावर वाढले.

या भागातील सर्वांत जुने व्यासपीठ कीर्तनाचे. वारकरी कीर्तनात एका अभंगाचे निरूपण चालते. कीर्तनकाराने चरण म्हटला की मागचे टाळकरी तो उचलून धरतात, त्यामुळे सभा रमली की नाही हे तिथल्या तिथे कळते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडतात आणि उत्तररंगात तेच पटवणारे आख्यान सांगतात. विचाराला कथेची जोड देण्याचे हे तंत्र गावोगावच्या श्रोत्यांच्या अंगवळणी पडले होते. उमरीजवळच्या गोरटे येथे वास्तव्य केलेले दासगणू महाराज (१८६८–१९६२) या परंपरेतले मोठे नाव. पोलिसातली नोकरी सोडून ते कीर्तनाकडे वळले आणि संतचरित्रे त्यांनी ओवीबद्ध केली.

संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, कोर्टकचेरी तिच्यातच चाले. घरात आणि बाजारात मराठी, तर देगलूर-उदगीरकडे तेलुगू आणि कानडीही कानावर पडे. वकील कोर्टात उर्दूतून युक्तिवाद करी आणि गावकऱ्यांशी मराठीत बोले. कोणासमोर कोणती भाषा वापरायची, हे भान त्याला रोजच ठेवावे लागे.

१९२९ मध्ये ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान निघाले आणि सभेसाठी सरकारी परवानगी सक्तीची झाली. राजकीय सभांवर त्याआधीही निर्बंध होतेच. म्हणूनच संस्थानातील प्रजेच्या राजकीय परिषदा काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि अकोला (१९३१) अशा संस्थानाबाहेरच्या गावी भरल्या. संस्थानात राहून बोलायचे तर विषय धर्म, शिक्षण किंवा भाषा असाच निवडावा लागे. उदगीर-निलंगा भागात आर्य समाजाच्या उपदेशकांनी प्रवचनांतून लोकजागृती केली. उदगीरचे कार्यकर्ते भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला.

पुढे संस्थानातच, परतूरला १९३७ मध्ये, तिथल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. दुसरे लातूरला १९३८ मध्ये आणि तिसरे उमरीला १९४१ मध्ये झाले. अध्यक्षीय भाषण, ठराव मांडणे, अनुमोदन देणे, विरोधी मत ऐकून मतदान घेणे ही सभेची शिस्त कार्यकर्त्यांनी अशा अधिवेशनांत आत्मसात केली. कीर्तनात एकच वक्ता असतो आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची पद्धत नसते. अधिवेशनात प्रत्येक विधान वादाच्या कसोटीला लागते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्या शिक्षकी पेशातून आलेल्या नेत्यांमुळे भाषणाला समजावून सांगण्याचा सूर आला.

वाणीची दुसरी बाजूही याच भूमीने पाहिली. निजामाच्या राजवटीची पाठराखण करणाऱ्या सशस्त्र रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी लातूरचा वकील होता. त्याच्या चिथावणीखोर भाषणांनी भयाचे वातावरण निर्माण केले. श्रोत्यांच्या भावना भडकवण्यात यश आले म्हणजे भाषण चांगले ठरत नाही, हे १९४६ ते १९४८ या काळात मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि सभाबंदीचा काळ संपला.

पुढे महाविद्यालये ही वक्तृत्वाची नवी केंद्रे बनली. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले. तेथे अध्यापक आणि नंतर प्राचार्य असलेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी व्याख्यानाला वैचारिक बैठक दिली. प्रतिपक्षाचा मुद्दा आधी त्याच्याच बाजूने नीट मांडायचा, मग त्यातील अंतर्विरोध दाखवायचा, ही त्यांची रीत. इतिहास, संगीत, मनुस्मृती असे विषय त्यांनी सामान्य श्रोत्यांसमोर सोपे न करता सुबोध केले. त्यांच्या काही पुस्तकांचे मूळ व्याख्यानांतच आहे.

साहित्य संमेलनांनी व्यासपीठ आणखी रुंदावले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९८५ मध्ये नांदेडला शंकर पाटील यांच्या, तर २०२२ मध्ये उदगीरला भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ज्या उदगीरमध्ये एकेकाळी सभेसाठी परवानगी मागावी लागे, तेथे संमेलनाध्यक्षाने हजारो श्रोत्यांसमोर मराठीत आपली भूमिका मांडली.