फुलांच्या गोष्टी आणि जिवाभावाच्या मैत्रिणी

आज थोडं जपानविषयी बोलू या.

१८९९ साली तिथल्या सरकारने हुकूम काढला, की प्रत्येक प्रांतात मुलींसाठी माध्यमिक शाळा हवी. हेतू काय? चांगली बायको आणि शहाणी आई घडवणं. पण त्या वर्गांत नि वसतिगृहांत मुलींना आणखी काही मिळालं, जिवाभावाची मैत्रीण.

१९१६ पासून नोबुको योशिया या विशीतल्या लेखिकेच्या ‘फुलांच्या गोष्टी’ मुलींच्या मासिकात येऊ लागल्या. प्रत्येक गोष्टीला एका फुलाचं नाव. मुली एकमेकींवर जीव लावतात आणि बहुतेकदा शेवटी ताटातूट होते. मुलींनी या गोष्टी उचलून धरल्या. शाळा सुटली की लग्न, हे त्यांना ठाऊक होतं. मोठी माणसं या मायेला चार दिवसांचं वेड समजत; गोष्टींनी तिला मोल दिलं.

नोबुकोने स्वतः लग्न केलं नाही. १९२३ मध्ये भेटलेल्या चियो मोन्माबरोबर तिने आयुष्य काढलं. दोन बायकांच्या संसाराला कायद्यात जागा नव्हती, म्हणून १९५७ साली तिने चियोला दत्तक घेतलं.

तुमची शाळेतली मैत्रीण आज कुठे आहे? गटाच्या पुढच्या बैठकीत तिची आठवण जरूर सांगा.