साहिबी नदीचा नाला कसा झाला?

१० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच घाटाच्या थोडे खाली, वजिराबादचा बंधारा ओलांडला की यमुनेला दिल्लीतला सर्वांत मोठा नाला मिळतो. त्याचे नाव नजफगड नाला.

हा मुळात नाला नव्हताच. राजस्थानातल्या अरवलीत उगम पावणारी साहिबी नदी हरियाणातून येऊन नजफगडच्या झिलीत पसरायची. २५ ऑगस्ट १८५७ च्या लढाईला निघालेल्या निकल्सनच्या तोफा इथल्याच दलदलीत रुतल्या होत्या. इंग्रजांनी झिलीचे पाणी यमुनेत काढायला चर खोदला. पुढे शहर वाढले आणि सांडपाणी त्याच चरात आले. नदीला नाला म्हटले, की त्यात घाण सोडताना कुणाला काही वाटत नाही.

१९७४ च्या कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळे आली, पाण्याची तपासणी सुरू झाली. अंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. हा नाला मिळाल्यावर यमुनेत तो बहुतेक वेळा शून्य भरतो.

मी फौजी माणूस. शत्रू छावणीत शिरल्यावर त्याची शिरगणती करून काय उपयोग? पहारा वाटेवर लागतो. म्हणून केवळ संगमावरचा आकडा पाहून थांबू नका. आपल्या वस्तीचा उपनाला कुठे मिळतो आणि तिथले पाणी कसे आहे, ते विचारा. हल्ली सरकारी कागदांत साहिबी हे नाव पुन्हा दिसते. आता नदीही दिसायला हवी.