जस्ती बादली आणि डेव्हीचं जहाज

कार्तिकातल्या यात्रेला साजगावला मामाकडे गेलो होतो. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, खोपोलीजवळच्या या गावातल्या विठोबाला लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात, कारण यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. विठोबा आणि बोंबील! असो, त्यावर पुन्हा कधीतरी.

मामेभाऊ अलिबागकडून आला होता. त्याची एक जुनी, छोटी शिडाची बोट आहे. जेवणं झाल्यावर त्याने पिशवीतून एक पितळी कॉक काढून मामापुढे ठेवला. हा बोटीच्या तळाला, पाण्याखाली असतो. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी त्यातून आत घेतात. पावसाळाभर बोट किनाऱ्यावर होती. पाण्यात उतरवण्याआधी याने सहज मूठ फिरवली, तर ती तुकड्यासकट हातात आली.

"किनाऱ्यावर आली म्हणून बरं," तो म्हणाला. त्याची नऊ वर्षांची लेक दर रविवारी त्याच्याबरोबर बोटीवर असते. पुढे कुणी काही बोललं नाही.

मामाने चाकूने तुटलेली कड खरवडली. आत पिवळं काही नव्हतंच, नुसतं गुलाबी आणि भुसभुशीत. "कळकलंय मेलं," मामी म्हणाली. तिचं फारसं चुकलं नव्हतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो. आकार तोच, पण जोर गेलेला. म्हणून अशा ठिकाणी ब्राँझ वापरतात, तांबं आणि कथील, म्हणजे आपल्या काशाचं भावंड.

हे दुखणं जुनं आहे. लाकडी जहाजांचे तळ समुद्री किडे पोखरायचे. आपल्या किनाऱ्यावर त्यासाठी चुना आणि तेल लावायची पद्धत होती. इंग्रजांनी 1761 मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं तर तांबं ठीक, पण ते ज्यांनी ठोकलं ते लोखंडी खिळे गळून गेलेले! गंमत म्हणजे पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद जिथे चुकून मधे राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बॅटरीच तयार होते आणि त्यातला एक विरघळतो. पण 'बॅटरी' हा प्रकार माहीत व्हायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती.

(आपल्या सागवानाची इथे आठवण काढायलाच हवी. ओकमधल्या आम्लाने खिळे गंजतात, तर सागातल्या तेलाने ते टिकतात. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी 1817 मध्ये बांधलेलं सागवानी 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर आहे.)

मग आला हंफ्री डेव्ही, खाणकामगारांच्या दिव्याचा. पुढे तांबंही झिजतंय अशी नौदलाची तक्रार होती. 1824 मध्ये त्याने सुचवलं की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, समुद्र आधी ते खाईल. ज्या जहाजांवर हे करून पाहिलं त्यातलं एक 'समरंग', आपल्या कोचीनला बांधलेलं. तांबं खरोखरच वाचलं. पण तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचं रान माजलं! तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तळ स्वच्छ राहत होता, हे तेव्हा कळलं. नौदलाने ते तुकडे काढून टाकले आणि 1829 मध्ये डेव्ही गेला.

मला या माणसाबद्दल वाईट वाटतं. त्याचं शास्त्र अगदी बरोबर होतं, जागा तेवढी चुकली. 1837 मध्ये सोरेल या फ्रेंच माणसाने लोखंडावर जस्त चढवायचं पेटंट घेतलं. तीच आपली जस्ती बादली. कल्हई म्हणजे नुसता पडदा, ओरखडा पडला की खालचं तांबं उघडं पडतं. जस्ताचं तसं नाही. ओरखड्यातून लोखंड दिसलं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं. मामाच्या विहिरीवरची बादली मला आठवतं तेव्हापासून पोचे खातेय, तरी चालू आहे.

आज बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात, तो डेव्हीचाच.

"तुझ्या बोटीला आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. तीन वर्षं झाली, अगदी नव्यासारखा आहे."

"नव्यासारखा?"

तेव्हा उलगडा झाला. रंगाऱ्याने तळ रंगवताना त्यावरही छान दोन हात मारले होते, आणि जस्त झिजत नाही म्हणून हा खूश!

रात्रीच त्याने ब्राँझच्या कॉकसाठी फोन केला. रंग खरवडायचा राहू दे, नवाच तुकडा बसव, असं मी सुचवलं. निघताना मामाने त्याला बोंबलांची पुडी दिली आणि म्हणाला, "पुढच्या यात्रेला ते जस्त काढून घेऊन ये रे. किती झिजलंय ते बघू."