बेरजेच्या रीतीला पेटंट मिळावे का?

फळ्यावर ५३ ही संख्या लिहू या. संगणकासाठी ती दोन प्रकारे मांडता येते. एक तर प्रत्येक अंक स्वतंत्रपणे द्विमान पद्धतीत लिहायचा : ५ म्हणजे ०१०१ आणि ३ म्हणजे ००११. नाहीतर सबंध संख्याच द्विमान पद्धतीत लिहायची : ११०१०१. पहिल्या मांडणीवरून दुसरीकडे जाणे अवघड नाही. पाचाला दहाने गुणायचे (०१०१ × १०१० = ११००१०) आणि तीन, म्हणजे ११, मिळवायचे. आठवी-नववीतली मुले हे वहीत करू शकतील.

१९६३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या गॅरी बेन्सन आणि आर्थर टॅबट यांनी नेमक्या अशा रूपांतराच्या एका रीतीसाठी पेटंट मागितले. अंक सरकवून आणि बेरजा करून ते उत्तर काढत. पेटंट कार्यालयाने नकार दिला, खालच्या न्यायालयाने होकार दिला आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नकार दिला. न्यायमूर्ती डग्लस यांचे म्हणणे साधे होते. ही रीत संगणकाशिवायही वापरता येते. तिला पेटंट देणे म्हणजे गणिताच्या सूत्रावरच मालकी देणे.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. स्वामित्वहक्क म्हणजे कॉपीराइट. तो लिहिलेल्या आज्ञावलीला मिळतो; तेच काम करणारी आज्ञावली दुसऱ्याने स्वतः लिहिली, तर हरकत नसते. पेटंट मात्र कल्पनेच्या वापरालाच कुंपण घालते. ज्याला तीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली, तोही कुंपणाबाहेरच राहतो. पेटंटच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. संशोधनाला पैसा आणि वर्षे लागतात. संरक्षण नसेल तर कंपन्या रीत गुप्त ठेवतील. पेटंट घेणाऱ्याला ती उघड करावी लागते.

१९८१ साली त्याच न्यायालयापुढे रबराचा खटला आला. साच्यातले तापमान सतत मोजून, अऱ्हेनियसच्या समीकरणाने वेळ काढून, संगणक साचा उघडत असे. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायाधीशांनी हे पेटंटयोग्य ठरवले. समीकरण जुनेच होते; पेटंट मिळाले ते रबर बनवण्याच्या प्रक्रियेला. परंतु सूत्र कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होते, हा प्रश्न उरलाच.

त्याची झळ पुढे चित्रांना लागली. वारंवार येणाऱ्या अंकमालिकांना छोटे संकेत देऊन माहिती आटोपशीर करण्याची एक रीत टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये लेखातून मांडली. तिचे पेटंट त्यांच्या स्पेरी कंपनीला १९८५ मध्ये मिळाले. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीने हीच रीत वापरून 'जीआयएफ' हा चित्रे साठवण्याचा प्रकार काढला आणि तो जगभर पसरला. १९९४ च्या डिसेंबरात जाहीर झाले की जीआयएफ वापरणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्पेरीची वारस असलेल्या युनिसिसकडून परवाना घ्यावा. आज्ञावलीकार चिडले, पण नुसते चिडून थांबले नाहीत. त्यांनी पेटंटमुक्त रीतीवर आधारलेला 'पीएनजी' हा नवा प्रकार घडवला. १९९६ मध्ये तो प्रमाण म्हणून मान्य झाला. मूळ अमेरिकी पेटंट २००३ मध्ये संपले.

आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीने गणिती रीती आणि 'निव्वळ' संगणक-आज्ञावली पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवल्या. २००४ च्या अखेरीस एका अध्यादेशाने दार किलकिले केले; २००५ मध्ये संसदेने ती तरतूद गाळली. मात्र 'निव्वळ' कशाला म्हणायचे, यावर वाद होतच राहतात.

आम्हा संशोधकांना एक गोष्ट रोज जाणवते : आमची प्रत्येक रीत आधीच्या कोणाच्या तरी रीतीवर उभी असते. म्हणून आमचा कल डग्लस यांच्याकडे आहे. तरी वर्गात निवाडा सांगू नये. मुलांना ५३ चे उदाहरण सोडवायला द्यावे, मग रबराच्या साच्याची गोष्ट सांगावी आणि विचारावे : यांतले काय कोणाच्या मालकीचे असू शकते, आणि का?